सेल्फ फिरतो, इंजिन गप्प

टर्बोची जुनी गाडी सकाळी सुरू होईना, की गल्लीतले पहिले निदान ठरलेले असते : टर्बो गेला. नाव भारदस्त, भाग महाग आणि आत काय चालते ते कोणी पाहिलेले नसते, त्यामुळे आळ घ्यायला तो सोयीचा. प्रत्यक्षात सेल्फ फिरत असताना टर्बो जवळपास बेकारच असतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली ज्या कल्पनेचे पेटंट घेतले, तिचा गाभा इतकाच आहे की धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूंनी एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात हवा कोंबायची. इंजिन पेटलेलेच नसेल तर गरम वायू कुठून येणार? धावत्या गाडीत मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारे ते चक्र सेल्फच्या वेळी जेमतेम हलते. तेव्हा इंजिन श्वास घेते ते साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनासारखेच. गाडी ओढत नाही, काळा धूर टाकते, शिट्टी मारते, अशा तक्रारींत टर्बोकडे जरूर पाहावे. सेल्फ मारतोय पण इंजिन पेटत नाही, या तक्रारीत तो शेवटचा आरोपी.

छत्रपती संभाजीनगरच्या बजाजनगरात हा विषय नवा नाही. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, त्याच्या आधाराने एमआयडीसी वाढली आणि रांजणगाव शेणपुंजी, वडगाव कोल्हाटी, पंढरपूर या गावांच्या मधोमध कामगारांची ही वसाहत उभी राहिली. इथल्या बऱ्याच घरांत कोणी ना कोणी मशीनवर उभे राहिलेले, त्यामुळे बॉनेट उघडले की सल्ले द्यायला माणसे कमी पडत नाहीत. शहराच्या दुसऱ्या टोकाला, जालना रस्त्यावर शेंद्रा. तिथे २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या आणि पहिली गाडी होती ऑक्टाव्हिया. तिचे १.९ लिटरचे टर्बो डिझेल इंजिन म्हणजे टीडीआय, ९० अश्वशक्तीचे. पुढे १.८ लिटरची टर्बो पेट्रोल आरएसही आली, १५० अश्वशक्तीची. त्या काळात आपल्याकडे टर्बो पेट्रोल सेडान हा प्रकारच अपूर्वाईचा होता. आज त्या पिढीतली कोणतीही ऑक्टाव्हिया पंधरा वर्षांच्या पुढची आहे. अशी एखादी 'एमएच २०' पासिंगची गाडी आता तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या दारात असते आणि सर्व्हिस बुक मधल्या कुठल्या तरी मालकाकडे राहून गेलेले असते.

इंजिन सुरू व्हायला फार काही लागत नाही : पुरेसा वेग, पुरेसा दाब, इंधन आणि योग्य क्षणी पेट. पेट्रोलमध्ये ठिणगी, डिझेलमध्ये दाबाने तापलेली हवा. नव्या गाड्यांत एक परवानगीही लागते, ती इमोबिलायझरची. यातले एकच काही तरी नसते. ते कोणते, हे शोधायला बहुतेक वेळा कान, नाक, डोळे आणि एक साधा मल्टिमीटर पुरतो. पैसे जातात ते न मोजता भाग बदलण्यात.

आधी वेग. सेल्फ फिरतो म्हणजे बॅटरी ठीक, असे समजणे ही फार सर्रास होणारी फसगत. डिझेल इंजिन पेटायला मिनिटाला साधारण दोनशे फेरे तरी लागतात. त्याहून बरेच कमी झाले तर दाबलेली हवा सिलिंडरच्या थंड भिंतींना उष्णता देत बसते आणि पेट घेण्याइतकी तापतच नाही. बंद गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवले पाहिजे. १२.२ म्हणजे ती अर्धी रिकामी. पण खरी परीक्षा सेल्फ मारताना. तेव्हा आकडा साडेनऊच्या खाली गेला तर सेल्फ कसाबसा फिरेल, पण इंजिनचा कॉम्प्युटर, ज्याला गॅरेजात ईसीएम म्हणतात, तो अर्धवट शुद्धीत असेल. मग स्कॅनरवर पाच-सहा निरनिराळ्या तक्रारी उमटतात आणि सगळ्यांचे मूळ एकच, बॅटरी नाहीतर गंजलेली अर्थिंगची पट्टी. सेल्फ एका दमात दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावे, नाहीतर मूळ दोष सापडण्याआधी सेल्फची मोटर जळते.

मग कान. निरोगी इंजिनात सेल्फचा आवाज लयीत चढउतार करतो, कारण प्रत्येक सिलिंडर हवा दाबताना अडवतो. तो आवाज एकसुरी, हलका आणि नेहमीपेक्षा जलद आला, तर हात तिथेच थांबवावा. टायमिंग बेल्ट तुटल्याची ती खूण असू शकते. १.९ टीडीआयमध्ये पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत पाळीपाळीने येतात. बेल्ट तुटला की ही पाळी मोडते आणि पुढचा प्रत्येक सेल्फ वाकलेल्या व्हॉल्व्हवर आणखी घाव घालू शकतो. बेल्टचे वरचे झाकण क्लिपांवर असते, ते काढून बेल्ट जागेवर आहे का आणि सेल्फच्या पहिल्या झटक्याला हलतो का, एवढे पाहणे दोन मिनिटांचे काम. गाडी सेकंडहँड घेतली असेल आणि बेल्ट कधी बदलला याचा कागद नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरून चालणे बरे. मारुती स्विफ्टच्या १.३ लिटर डिझेलमध्ये बेल्टऐवजी चेन असते. तिला तुटण्याची भीती कमी, पण ऑइल वेळेवर बदलले नाही तर ती सैल पडून दात सुटतो आणि परिणाम तोच.

डिझेल गाडीत सगळ्यात बोलका साक्षीदार मागे असतो. एकाने सेल्फ मारावा, दुसऱ्याने सायलेन्सरजवळ उभे राहावे. पांढुरका-करडा धूर येत असेल आणि कच्च्या डिझेलचा वास डोळ्यांत झोंबत असेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचते आहे, फक्त पेटत नाही. मग संशय दाब, टायमिंग आणि वेगावर. काहीच येत नसेल, अगदी धुराची रेघही नाही, तर डिझेल पोचतच नाही. या एका निरीक्षणाने शोधाचे क्षेत्र निम्मे होते आणि त्याला एक पैसा लागत नाही. तरीही ते फार कमी ठिकाणी केले जाते. बहुतेक ठिकाणी थेट हीटर प्लग काढायला सुरुवात होते.

हीटर प्लगवरचा हा राग जुन्या सवयीतून आला आहे. टाटा इंडिकासारख्या आधीच्या डिझेल गाड्यांत इंधन एका लहान उपकोठडीत फवारले जाई. त्या कोठडीच्या भिंती उष्णता खाऊन टाकत, म्हणून प्रत्येक थंड सुरुवातीला हीटर प्लग लागेच. टीडीआयमध्ये डिझेल थेट पिस्टनच्या वाटीत पडते आणि हवा साडेएकोणीस पटीने दाबली जाऊन पाचशे अंशांच्या पुढे तापते. ही इंजिने प्लग पेटवतात ते कूलंट साधारण ९ अंशांच्या खाली असेल तेव्हाच. संभाजीनगरात तशी वेळ डिसेंबर-जानेवारीतल्या मोजक्या पहाटांना येते. मे महिन्यात बंद पडलेल्या ऑक्टाव्हियाचे चारही हीटर प्लग बदलणाऱ्याने गिऱ्हाइकाला नवे प्लग दिले, दुरुस्ती नाही. दाबाची शंका असेल तर कॉम्प्रेशन गेज लावावे. या इंजिनात २५ ते ३१ बार चांगला, १९ बार ही झिजेची शेवटची मर्यादा आणि सिलिंडरा-सिलिंडरांत पाच बारपेक्षा जास्त फरक नको.

धूर नसेल तर मोर्चा डिझेलकडे. जुन्या ऑक्टाव्हियाच्या टाकीत डिझेल पुढे ढकलणारा इलेक्ट्रिक पंप नसतो. इंजिनावरचा बॉशचा पंप स्वतःच टाकीपासून डिझेल ओढतो. त्यामुळे पंप आणि टाकी यांच्यामध्ये कुठे सील सैल झाले, तर डिझेल बाहेर गळण्याऐवजी हवा आत खेचली जाते. जमिनीवर थेंब नाही, वास नाही, तरी रात्रभरात पाइपातले डिझेल टाकीत उतरते आणि सकाळी पंप नुसती हवा चावत बसतो. याला आपल्याकडचे फिटर 'एअर धरली' म्हणतात. निदान अगदी सोपे आहे, कारण फिल्टरपासून पंपाकडे जाणारी नळी या गाडीत पारदर्शक दिली आहे. सेल्फ मारताना तिच्यात बुडबुड्यांची माळ दिसली की चोर सापडला. फिल्टरच्या डोक्यावरच्या रबरी रिंगा, कडक झालेल्या नळ्या, पंपाची सील, या क्रमाने पाहत जावे.

सीलच्या बाबतीत काळानेही थोडा घात केला आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आले आणि डिझेलमधला गंधक दर दशलक्ष भागांत ५० वरून १० वर उतरला. हवेसाठी हे उत्तमच. पण गंधक काढताना इंधनातले इतरही काही घटक कमी होतात, आणि वर्षानुवर्षे त्या घटकांत फुगून बसलेली जुनी रबरी सील नव्या डिझेलमध्ये आकसू शकतात. अमेरिकेत २००६ नंतर असेच कमी गंधकाचे डिझेल आले, तेव्हा याच टीडीआयच्या पंपांची गळती तिथल्या मालकांनी अनुभवली. उपाय म्हणजे नव्या रबराची सील. पंप फेकून देण्याची गरज नाही.

नळी डिझेलने भरलेली, बुडबुडे नाहीत आणि तरी धूर नाही? मग पंपावरची एक लहानशी सोलेनॉइड पाहायची. चावी चालू केली की तिला १२ व्होल्ट मिळतात, ती उघडते आणि डिझेलला वाट मिळते. वीज नसेल तर वाट बंद, कारण गाडी बंद करण्याची युक्तीही हीच आहे. टेस्ट लॅम्प लावून वीज येते का पाहावे. वीज येत असून चावी फिरवताना 'टिक' होत नसेल तर सोलेनॉइड गेली. वीजच येत नसेल तर तपास डॅशबोर्डखालच्या रिले पॅनेलकडे जातो. तिथे १०९ हा आकडा छापलेला एक रिले असतो, जो इंजिनच्या कॉम्प्युटरला वीज देतो. फोक्सवॅगन कुळातल्या त्या पिढीच्या डिझेल गाड्यांत हा रिले कुप्रसिद्ध आहे. वर्षांच्या तापण्या-थंडावण्याने त्याच्या आतल्या कथलाच्या डागांना केसासारखी चीर जाते. गाडी उन्हात उभी राहिली की चीर उघडते, संध्याकाळी मिटते. मालक म्हणतो, 'दुपारी बंद, संध्याकाळी चालू', आणि मेकॅनिकच्या दारात गाडी नेली की ती हटकून सुरू होते. ओळखायची खूण : चावी चालू केल्यावर मीटरमधला हीटरच्या वेटोळ्याचा पिवळा दिवा क्षणभरही लागत नाही आणि स्कॅनर इंजिनशी बोलू शकत नाही. रिले काही शे रुपयांचा, आणि ज्याला सोल्डरिंग येते त्याला तोही लागत नाही.

याच 'गरम झाल्यावर रुसणाऱ्या' मंडळीत क्रँक सेन्सर येतो. क्रँकशाफ्ट कुठे आहे आणि किती वेगाने फिरतो, हे कॉम्प्युटरला सांगणारा हा मुख्य साक्षीदार. तो गप्प झाला तर कॉम्प्युटरच्या लेखी इंजिन उभेच आहे, मग तो डिझेल किंवा ठिणगी कशाला सोडेल? महामार्गावर तासभर पळालेली गाडी टपरीवर चहासाठी थांबवली, दहा मिनिटांनी सुरू होईना आणि पाऊण तासाने जणू काही झालेच नाही अशी सुरू झाली, ही कहाणी बहुधा याची. स्कॅनरवर सेल्फ मारताना फेऱ्यांचा आकडा पाहावा. तो शून्यावर चिकटला तर सेन्सर किंवा त्याची वायर. वायर आधी पाहावी, कारण पावसाळ्यात गरम इंजिनाच्या उबेला येणारे उंदीर ती कुरतडतात. एमआयडीसीतल्या मोकळ्या प्लॉटशेजारी गाडी लावणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

इमोबिलायझरचे वागणे वेगळे. चावीच्या डोक्यात एक चिप असते, तिला स्वतःची बॅटरी लागत नाही, कुलपाभोवतीच्या कॉइलमधून ती ऊर्जा घेते. ऑक्टाव्हियात चावी ओळखली गेली नाही, तर इंजिन बऱ्याचदा झटकन पेटते आणि एक-दोन सेकंदांत मरते. मीटरमध्ये एक दिवा मिचकत राहतो. दुसरी चावी लावून पाहणे हा इथला पहिला उपाय आणि तिसऱ्या मालकाकडे दुसरी चावी नसणे हा पहिला अडथळा.

कॉमन रेलच्या गाड्यांत मामला बदलतो. हे तंत्र १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मधून प्रवासी गाड्यांत आले आणि आपल्याकडे नाशिकला बनणाऱ्या महिंद्राच्या स्कॉर्पिओत, २००७ च्या डिझेल स्विफ्टमध्ये घरोघरी पोचले. इथे सगळ्या इंजेक्टरांना एका सामायिक नळीतून डिझेल मिळते. त्या नळीत सेल्फच्या वेळी साधारण दोनशे बार दाब तयार झाल्याशिवाय कॉम्प्युटर इंजेक्टर उघडतच नाही. जुने झालेले इंजेक्टर आतल्या आत परतीच्या वाटेने इतके डिझेल सोडतात की दाब चढत नाही. स्कॅनरवर 'पी ००८७' उमटते, म्हणजे रेलमध्ये दाब कमी. आणि इथेच खिसा कापला जातो, कारण हा कोड दाब कमी असल्याचे सांगतो, का ते सांगत नाही. तुंबलेला फिल्टर, टाकीतला मंद पंप, चिकटलेला व्हॉल्व्ह, गळका इंजेक्टर, कोणीही गुन्हेगार असू शकतो. उच्चदाबाचा पंप, जो यात सगळ्यात महाग, तो बदलण्याआधी निदान रिटर्नची चाचणी तरी मागावी : चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या चार सारख्या पारदर्शक बाटल्यांत सोडायच्या आणि सेल्फ मारायचा. एक बाटली इतरांच्या कितीतरी पुढे गेली, तर एकच इंजेक्टर दुरुस्तीला जातो, चार नव्हे.

जुन्या फिटरांची एक सवय मात्र या गाड्यांत जिवावर बेतू शकते. एअर काढायला ते नोझलच्या नळीचा नट सैल करत. जुन्या पंपांवर ते चालून गेले. कॉमन रेलमध्ये इंजिन चालू असताना दाब हजार बारच्या पुढे जाऊ शकतो आणि त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून डिझेल मांसात शिरवते. जखम टाचणीएवढी दिसते, पण ती तातडीने शस्त्रक्रियेची असते.

आता ती दुर्मीळ पेट्रोल आरएस. तिच्यात धुराऐवजी प्लग बोलतो. सेल्फ मारून प्लग काढावा : ओला आणि पेट्रोलचा वास असलेला निघाला तर इंधन आहे, ठिणगी नाही किंवा इंधन जास्त झाले आहे. कोरडा निघाला तर पेट्रोलच नाही. मग पंपाचा रिले, फ्यूज आणि मागच्या सीटखालून येणारा पंपाचा गुणगुणाट तपासावा. 'जास्त झालेल्या' पेट्रोलमागे पुष्कळदा कूलंटचा तापमान सेन्सर असतो. त्याने मे महिन्यात उणे चाळीस अंश सांगितले, तर कॉम्प्युटर निष्ठेने सायबेरियाला साजेसे पेट्रोल ओततो. बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारला की इंधन तोडले जाते आणि बुडालेले सिलिंडर कोरडे होतात. त्यात भर इथेनॉलची. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल टप्प्याटप्प्याने पंपांवर आले. २००४-०५ ची रबरी नळी त्यासाठी घडवलेली नव्हती. इथेनॉल हवेतले पाणी शोषते आणि गाडी पावसाळाभर उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊ शकतो. पंप नेमका तळातूनच ओढतो. महिनोन्महिने उभ्या गाडीचा तपास म्हणूनच टाकीतले पेट्रोल बदलण्यापासून सुरू करणे शहाणपणाचे.

ईथरचा स्प्रे आणि धक्का, हे दोन लोकप्रिय उपाय शक्यतो टाळावेत. तापलेल्या हीटर प्लगवर ईथर पडला तर तो चुकीच्या क्षणी भडकतो आणि पिस्टन फोडू शकतो. धक्क्याने जुन्या बेल्टचा दात सुटू शकतो, आणि पेट्रोल गाडीत न जळलेले पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन नंतर तिथे पेटते.

टर्बो खरोखर गुंतलेला असतो अशाही दोन वाटा आहेत, दोन्ही आडवाटा. टर्बोची सील फुटून ऑइल इंजिनात शिरले, तर डिझेल इंजिन स्वतःच्याच ऑइलवर बेफाम पळू लागते. चावी काढली तरी थांबत नाही. अशा पळापळीत कनेक्टिंग रॉड वाकला असेल, तर पुढच्या वेळी सेल्फ फिरेल पण दाब मिळणार नाही. दुसरी वाट टर्बोच्या शेजारची : टीडीआयच्या हवेच्या मार्गात एक पाकळी असते, इंजिन बंद करताना हिसका बसू नये म्हणून ती क्षणभर मिटते. काजळीने ती मिटलेलीच राहिली तर इंजिनाला हवाच मिळत नाही. बोटाने ढकलून ती मोकळी फिरते का, हे पाहता येते.

आणि टर्बो नवा बसवला असेल, तर चांगला मेकॅनिक गाडी मुद्दामच सुरू होऊ देत नाही. कोरड्या बेअरिंगवर ते चक्र पहिल्याच मिनिटात लाखभर फेऱ्यांना गेले, तर नवा टर्बो जुन्याच्या वाटेने जातो. म्हणून आधी टर्बोच्या ऑइलच्या तोंडात थोडे ताजे ऑइल सोडतात, मग डिझेलच्या सोलेनॉइडची वायर काढून ठेवतात आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारतात, मीटरमधला ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. त्यानंतर वायर जोडतात, इंजिन सुरू करतात आणि काही मिनिटे ॲक्सिलरेटरला पाय न लावता ते तसेच चालू ठेवतात.